बेअरिंगचे डॉक्टर

यंत्रालाही आत्मा असतो आणि तो फक्त अधिकारी पुरुषाशीच बोलतो. भांडुपच्या आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत असा पुरुष एकच होता. लोखंड कातणाऱ्या चालू लेथला ते स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. आत्मा दरवेळी एकच शब्द बोलायचा.

"बेअरिंग."

पट्टा सैल असो, टूल बोथट असो, निदान बेअरिंग. सगळ्या रोगांचं मूळ पित्तात शोधणारे वैद्य तुम्हीही पाहिले असतील. लोक त्यांना थट्टेनं डॉक्टर म्हणू लागले. त्यांनी ती पदवी इतक्या गांभीर्यानं घेतली की थट्टा करणाऱ्यांचाच नाइलाज झाला.

त्यांच्या काखेत कायम एक लाकडी पेटी असे. आत स्पिरिट लेव्हल, म्हणजे मशीन सपाट बसलंय की नाही ते बुडबुड्यावरून दाखवणारं साधन. झाकणावर कुंकवाचे थर चढले होते, कारण दर खंडेनवमीला पेटीची पूजा व्हायची. पेटी उघडलेली मात्र कुणी पाहिली नव्हती.

"नाजूक माल आहे," ते म्हणायचे. "हवा लागली की बिघडतो."

एका दसऱ्याला माझ्या शेजारच्या गाळ्यात सुहासनं लादी बदलली. त्याच्या वडिलांचा जुना लेथ उचलून पुन्हा बसवायचा होता. डॉक्टरांनी मुहूर्त सांगितला, नारळ फोडला आणि लेथच्या एका पायाखाली पाच रुपयांचं नाणं सरकवलं.

"मशीन लक्ष्मीवर उभं राहिलं पाहिजे."

लेथ लक्ष्मीवर उभा राहिला आणि टेपर काढू लागला. सरळ दांडा कातायला घ्यावा, तर एक टोक जाड, दुसरं बारीक. माल परत येऊ लागला. डॉक्टर आले. स्क्रूड्रायव्हर, कान, डोळे.

"बेअरिंग."

बेअरिंग बदललं. टेपर तसाच.

"मग मशीनच म्हातारं झालं रे. विकून टाक."

सुहास माझ्या गाळ्यात येऊन बसला. "बाबांनी आयुष्य काढलं यार त्याच्यावर. आता भंगारात घालू?"

मी पुठ्ठ्याची खोकी बनवतो. लेथमधलं मला काय कळतं?

भंगारवाल्याचा टेम्पो आला. साखळीनं लेथ उचलला, तेव्हा पायाला चिकटलेलं नाणं टणकन लादीवर पडलं. सुहास त्याच्याकडे बघतच राहिला.

"शेठ," हमाल म्हणाला, "तुमचं मशीन लंगडत होतं काय?"

"च्यायला. ठेव परत खाली."

समोरच्या गाळ्यातून लेव्हल मागून आणली, पाय एका पातळीत आणले, दांडा कातून पाहिला. सरळ. टेम्पो रिकामा गेला.

डॉक्टरांना हे कळलं. त्यांनी नाणं मागून घेतलं, कपाळाला लावलं आणि खिशात टाकलं. "बघ सुहास, लक्ष्मीनं वाचवलं की नाही तुझं मशीन?"

त्यानंतर त्यांना कुणी बोलावेनासं झालं. ते मात्र यायचे. शेवटी शेवटी तर बंद लेथलाही कान लावून उभे राहायचे. त्यांना कुणी हटकलं नाही. सुहास चहा पाठवायचा.

डॉक्टर कायमचे गावी जायला निघाले, तेव्हा पेटी त्यांनी सुहासच्या हातात दिली. "जपून ठेव रे. माझं सगळं ज्ञान ह्यात आहे."

ते गावीच वारले. बातमी आली त्या दुपारी आम्ही दोघांनी पेटी उघडली. लेव्हल कारखान्यातून आली तशीच मेणकागदात गुंडाळलेली होती. कागदावरची चिकटपट्टी कुणीही सोडवलेली नव्हती.