पडद्याच्या मध्यावरचा दोष

तपासल्याशिवाय कोणतीही वस्तू घरात घ्यायची नाही, हा शरच्चंद्र पागेदारांचा रिवाज बडोद्याच्या गोत्री भागातल्या त्यांच्या सोसायटीत सर्वांना ठाऊक होता. रिफायनरीत त्यांची सारी नोकरी मापनयंत्रांच्या खात्यात गेली. दाबमापक खरे बोलतो की खोटे, हे प्रमाण उपकरणाशी ताडून पाहायचे आणि खोटे बोलणाऱ्याला लाल चिठ्ठी लावून बाजूला काढायचे, हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर लाल चिठ्ठ्या संपल्या, सवय मात्र सुटली नाही. शेजारच्या अहल्याबाई खंडेराव मार्केटातून भाजी आणली की पिशवी आधी पागेदारांच्या काट्यावर ठेवत. आणि वजन कमी भरले तर अहल्याबाईंपेक्षा पागेदारांनाच अधिक वाईट वाटे.

अशा माणसाने घरातला टीव्ही बाद ठरवला, त्याला कारण होते.

मुलगा अभिषेक घटस्फोटानंतर बडोद्याला परत आला तो जवळजवळ मुका होऊनच. जेवणाच्या टेबलावर ‘मीठ दे’ आणि ‘झालं माझं’ एवढाच त्याचा शब्दसंग्रह उरला होता. तो बोलायचा तो एकाच ठिकाणी, संध्याकाळी टीव्हीसमोर, मोटारशर्यतीचा खेळ खेळताना. घाटातला अरुंद रस्ता, एका अंगाला दरी. गाडी अभिषेक चालवी. पडद्याच्या कोपऱ्यातला बारीक नकाशा वाचून पुढचे वळण सांगण्याचे काम वडिलांकडे.

“डावीकडे, एकदम. मग सरळ. आता उजवीकडे, सावकाश.”

“हां, बाबा.”

या ‘हां, बाबा’ची पागेदार दिवसभर वाट पाहत. शर्यत संपली की दोघे एखादा चित्रपट लावत, आणि कधी तरी अभिषेक पडद्यावरची नजर न काढता एखादे वाक्य बोलून जाई. झोप लागत नाही. तिचा फोन आला होता. समोरासमोर बसवून विचारले असते तर यातले एक अक्षरही त्याच्या तोंडून निघाले नसते.

पावसाळा सरता सरता वळणे चुकू लागली. नकाशातली रेघ पागेदारांना ऐन वेळी पुसट होई. ते ‘डावीकडे’ म्हणेपर्यंत गाडी दरीत गेलेली असे. अभिषेक काही म्हणत नसे, पण शर्यत लवकर आटोपू लागली आणि चित्रपट राहून जाऊ लागला. चष्म्याचा नंबर गेल्याच वर्षी बदललेला, तेव्हा दोष डोळ्यांचा असणे शक्य नव्हते. दोष पडद्याचा. पागेदारांनी महिनाभर वाचन केले, पडदा एका सेकंदात चित्र किती वेळा बदलतो, कंट्रोलरची कळ दाबल्यापासून चित्र हलेपर्यंत किती विलंब लागतो, सर्व समजून घेतले आणि जाहीर केले की गेम आणि चित्रपट या दोन्हींसाठी आता उत्तमातला उत्तम टीव्ही घ्यायचा.

“खिडकीचे गजसुद्धा वाकडे झालेत म्हणत होतात परवा,” त्यांच्या पत्नी प्रतिमाबाई म्हणाल्या. “आता खिडकीपण नवीन घेणार का?”

“ते गज वाकडेच आहेत,” पागेदार म्हणाले.

रेसकोर्सकडच्या मोठ्या शोरूममध्ये ते अभिषेकला घेऊन गेले. खिशात पेनड्राइव्ह होता. त्यात त्यांनी स्वतः तयार केलेले चित्र होते: काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या उभ्या-आडव्या रेषांची जाळी, मधोमध एक ठिपका. शिवाय नेहमीप्रमाणे शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी.

“आ जुओ, अंकल,” विक्रेता पीयूष गुजरातीमिश्रित मोडक्या मराठीत उत्साहाने म्हणाला, “ह्याच्यात काळं एटले काळंच. दिवे बंद करू? टीवी कुठे संपला ने भिंत कुठे चालू झाली, खबर नाय पडत!”

“जाहिरात नको. हे लावा.”

जाळी पडद्यावर आली. पागेदारांनी मधल्या ठिपक्याकडे पाहिले. ठिपका नव्हता. तिथे धुरकट डाग होता आणि त्याच्या भोवती रेषा पाण्यात पाहाव्यात तशा वाकल्या होत्या.

“पॅनेल सदोष आहे. मध्यावर. दुसरा दाखवा.”

दुसरा दुसऱ्या कंपनीचा. दोष तोच, त्याच जागी. तिसऱ्यावरही तेच. पागेदारांचा आवाज चढू लागला. इतक्या किमतीच्या वस्तूत सरळ रेषा सरळ दिसू नये, आणि दुकानात कोणाच्या ते लक्षातही येऊ नये!

“बधामां, अंकल?” पीयूष आता हसत नव्हता. “सगळे टीवी वाकडे?”

“बाबा,” अभिषेक हळूच म्हणाला, “रेषा सरळ आहेत.”

“तू नीट बघत नाहीस. मध्यभागी बघ, ठिपक्यापाशी.”

“ठिपका दिसतोय मला.”

शब्दाला शब्द वाढवण्यात अर्थ नव्हता. पागेदारांनी खिशातली पट्टी काढली. नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ती त्यांच्याजवळ होती. तिच्या धारेबद्दल त्यांना कधी शंका घ्यावी लागली नव्हती. ती काचेपासून केसभर अंतरावर त्यांनी रेषेला समांतर धरली आणि वाकडेपणा मोजण्यासाठी डोळे जवळ नेले.

रेषा पट्टीबरोबर चालली होती. वाकत होती पट्टीसुद्धा. पोलादाची धार मध्यावर मऊ पडून खाली झुकली होती आणि तिच्यावरचे आकडे धुक्यात शिरून नाहीसे झाले होते.

त्यांनी पट्टी किंचित उजवीकडे सरकवली. वाक पट्टीबरोबर सरकला नाही. जिथे ते पाहत होते तिथेच राहिला.

प्रत्येक यंत्र एकच चूक दाखवू लागले की यंत्रांना हात लावायचा नाही, हे त्यांनी किती तरी नवशिक्यांना शिकवले होते. आधी तपासणाऱ्याला तपासायचे.

त्यांनी तळव्याने उजवा डोळा झाकला, मग डावा. मग हात खाली घेतला.

“चित्रात चूक झाली माझ्या,” ते पीयूषला म्हणाले. “तुमचे टीव्ही ठीक आहेत.”

“बाबा, आज राहू दे. आपण घरी जाऊ.”

“नाही. तुला कोणता चांगला दिसतो?”

अभिषेकने तिन्ही पडदे पुन्हा एकदा पाहिले. मग पहिल्याकडे बोट दाखवले. पागेदारांना बोट दिसले, पण त्यासाठी त्यांना मान तिरकी करावी लागली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही पडदे तपासले आणि अभिषेकदेखत स्पष्ट सांगितले. दृष्टिपटलाचा मधला भाग झिजतो आहे. गोळ्यांनी वेग कदाचित कमी होईल. गेलेले परत येणार नाही. कडेकडेचे दिसत राहील. पागेदारांनी “बरं” म्हटले आणि चष्म्याची घडी घालून तो डबीत ठेवला.

नवा टीव्ही भिंतीवर चढला. त्या संध्याकाळी अभिषेकने जुनाच घाट लावला; ज्याची वळणे वडिलांना तोंडपाठ होती तोच. दुसऱ्या दिवशीही तोच, आणि तिसऱ्याही. पागेदारांच्या ते ध्यानात आले, पण त्यांनी विचारले नाही. नकाशा त्यांना दिसत नव्हता. ते आठवणीतून सांगत होते.

“सरळ. डावीकडे, सावकाश. आता पूल.”

“हां, बाबा.”

“देऊळ आलं? मग उजवीकडे.”

शब्द गेला आणि त्यांना आठवले, देवळानंतरचे वळण डावे. अभिषेकला समोर रस्ता लख्ख दिसत होता. तरीही त्याने गाडी उजवीकडे घातली. नव्या स्पीकरांतून कठडा तुटल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ नुसता वारा.

“पडलात का परत?” स्वयंपाकघरातून प्रतिमाबाईंनी विचारले. “नवीन टीव्हीवरसुद्धा?”

“माझीच चूक, आई. बाबांनी बरोबर सांगितलं होतं.”

खोटी नोंद पागेदारांनी उभ्या नोकरीत एकदाही खपवून घेतली नव्हती. त्यांनी मुलाकडे वळून पाहिले. केस होते, कान होता, खांदा होता. मधे चेहरा नव्हता.

“हो,” ते म्हणाले. “जरा उशिरा वळलास.”

“परत लावू?”

“लाव.”