हापशातला बिननावी जीव

सत्यशीलाने नऊ वर्षं पाणी तपासलं. तालुक्याच्या प्रयोगशाळेत ती कंत्राटावर होती. गावोगावचे जलसुरक्षक बाटल्या आणून द्यायचे. त्यातलं पाणी ती खुराक घातलेल्या प्लेटवर पसरायची, प्लेट उबेच्या कपाटात ठेवायची आणि दोन दिवसांनी बघायची. मैल्यातले जंतू वाढले तर 'पिण्यास अयोग्य', नाही वाढले तर 'योग्य'. मग प्लेटा वाफेच्या भांड्यात निर्जंतुक करून फेकून द्यायच्या. एम.एस्सी. होऊन हेच काम, पण तिला ते हलकं वाटत नव्हतं. लहानपणी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली असताना कालव्याच्या चारीचं पाणी पिऊन तिला कावीळ झाली होती. शाळेचं एक वर्ष त्यात गेलं.

एका दिवाळीत उमापूरच्या पुढच्या वस्तीवरच्या हापशाची प्लेट फेकायची राहून गेली. सुट्टीनंतर तिने कपाट उघडलं, तर प्लेटवर मोहरीहून बारीक ठिपके उगवले होते. रंग पेरूच्या गरासारखा गुलाबी. इतक्या सावकाश वाढणारं असं काही तिने कधी पाहिलं नव्हतं. नमुन्याचा अहवाल तर दिवाळीआधीच गेला होता, 'योग्य' म्हणून.

प्रयोगशाळेचे प्रमुख भगवानराव निवृत्तीला आलेले, भला माणूस. प्लेट बघून म्हणाले, "मॅडम, आपण योग्य का अयोग्य तेवढं सांगायचं. जंतूची जात काढायचं काम आपलं न्हाई."

"माझं बाकीचं काम उरकून करते, सर."

"करा. पण रजिस्टरात लिहू नका."

तिने त्यातला एक ठिपका उचलून नव्या प्लेटवर रेघा ओढल्या, त्यातला एक पुन्हा नव्या प्लेटवर. महिनाभर असं करत करत एकाच जातीचे जंतू उरले. सूक्ष्मदर्शकाखाली आखूड दांडकी दिसली. तिच्या पुस्तकांतल्या कुठल्याच वर्णनाशी ती जुळेनात. तेव्हा तिने एक प्लेट पुण्याला रविराज सरांकडे पाठवली. कॉलेजात तेच तिला शिकवायला होते.

तीन महिन्यांनी सरांचा फोन आला. "सत्यशीला, याचं एक जनुक वाचून घेतलं. आजवर माहीत असलेल्या जिवांत जो सगळ्यात जवळचा, त्याच्याशी सत्त्याण्णव टक्केही जुळत नाही. नवी जात ठरवायला एवढं अंतर पुरेसं आहे."

ती खुर्चीवर बसली. "म्हणजे नवीन आहे, सर?"

"बहुतेक. पण बहुतेक म्हणून नाव मिळत नाही. सगळी जनुकं वाचावी लागतील, आणि जिवंत जंतू दोन देशांतल्या संग्रहांत जमा करावा लागेल. मेलेल्याचं बारसं होत नाही. माझ्याकडची प्लेट तपासणीतच संपली. तू नळ्यांत ताजे जंतू वाढवून पाठव."

तिने दोन नळ्या नीट बांधून कुरियरने पाठवल्या. मार्चचं ऊन होतं. पार्सल सहा दिवस कुठंतरी पडून राहिलं आणि पोचलं तेव्हा नळ्यांत काळी बुरशी होती. फ्रिजात उरलेल्या नळ्या आता स्वतःच घेऊन येते, असं तिने सरांना कळवलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रजा मिळणार होती.

एकतीस मार्चला कंत्राट संपलं. दरवर्षी संपायचं आणि पुन्हा व्हायचं. यंदा माणसं पुरवायचं काम दुसऱ्या एजन्सीला गेलं, आणि त्या एजन्सीने आपली माणसं आणली. भगवानराव तेव्हा निवृत्त झालेले. सत्यशीला चौथ्या दिवशी नळ्या मागायला गेली. तिच्या जागी सुकन्या नावाची नवी मुलगी होती.

"फ्रिजमधल्या नळ्यांवर नमुना क्रमांक नव्हता, मॅडम," सुकन्या म्हणाली. "रजिस्टरातही नोंद नव्हती. नियमाप्रमाणे निर्जंतुक करून टाकून दिल्या."

मुलीने बरोबरच केलं होतं. तिच्या जागी सत्यशीला असती, तर तिनेही हेच केलं असतं.

मूळ पाणी तरी असेल, म्हणून ती वस्तीवर गेली. तिथला जलसुरक्षक माऊली तिला मोटरसायकलवरून घेऊन गेला. हापशाच्या दांड्याला शेळी बांधलेली होती. शेजारच्या घरातून म्हाताऱ्या चंद्रभागाबाई बाहेर आल्या.

"कावून आलीस माय या उन्हात? त्याला पाणी न्हाई. दोन म्हैने झाले, नुसती हवा येती."

"मग पिता काय?"

"टँकर येतो. लई औषधाचा वास मारतो."

तरी तिने दांडा मारून पाहिला. शंभर-दीडशे वेळा मारला असेल. मग माऊलीने मारला. आत लोखंड घासल्याचा आवाज येत राहिला.

"त्या पाण्यात असं काय व्हतं?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"एक जंतू होता, आजी. अजून कुणी न पाहिलेला."

"त्यानं पोट बिघडत व्हतं का?"

"माहीत नाही. ते शोधायचंच राहिलं."

म्हातारीने मान हलवली आणि शेळीला सावलीत नेलं. सत्यशीलाने हापशाच्या तोंडातला गंज खरवडून बाटलीत घेतला आणि दुसऱ्या दिवशी एसटीने पुण्याला नेऊन दिला. सरांनी तीन आठवडे प्लेटा ठेवल्या. उगवले ते कुठल्याही मातीत सापडणारे साधे जंतू.

"जनुकाचा क्रम मी जागतिक साठ्यात जमा केलाय," सर म्हणाले. "नावाच्या जागी फक्त आकडा आहे. जिवंत जंतू कुणाला सापडला, तर पुढे बघता येईल."

"कुणाला सापडणार, सर?"

सरांनी तिच्या घरच्यांची विचारपूस केली.

पावसाळ्यानंतरही त्या हापशाला पाणी आलं नाही. सत्यशीला आता जारचं पाणी भरणाऱ्या एका कारखान्यात आहे. तिथे पाण्यातला क्षार मोजतात, जंतू कुणी बघत नाही. पहिल्या महिन्यात तिने मालकाकडे प्लेटांचा विषय काढला होता. मालक म्हणाला, "मशीन गाळतंय की सगळं." त्यानंतर तिने विषय काढला नाही.

परवा माऊली जार न्यायला आला. म्हणाला, "ताई, तो हापसा काढला. पाइप उपसून नेले, बोअर दगड-मातीनं बुजवलं."

"कधी?"

"झाले आठ दिवस."

"बरं," ती म्हणाली आणि त्याचा जार नळाखाली लावला.