समासातली सही

आंधळगावच्या बाजारात पत्रकं वाटत असताना फोन आला. "वैशाली मॅडम गेल्या." कुठे गेल्या, असं मी विचारलं. खरंच विचारलं... आदल्या संध्याकाळी त्यांनी माझ्या नव्या पत्रकाचा फोटो मागवला होता, 'उद्या बोलू' असं कळवलं होतं आणि सकाळी वर्गात फळ्याकडे वळल्या त्या कोसळल्याच. सहा आठवडे झाले. फोनमध्ये ते 'उद्या बोलू' तसंच आहे.

भंडाऱ्याच्या कॉलेजात त्या आम्हाला लेखनाचा पेपर शिकवत. मी मोर्च्यातून थेट वर्गात यायची आणि निबंधही घोषणेसारखाच लिहायची. पहिला लिहिला तो करडी गावातल्या आमच्या शेजारणीवर, धानाच्या रोवणीला मजुरीनं जाणाऱ्या सुमनकाकूंवर. पिचलेली, दुर्दैवी, मूक... दोन पानं भरून. मॅडमनी एक शब्द खोडला नाही. "तिले वाचून दाखव. समासात तिची सही आण. मंग तपासीन." ज्याच्यावर लिहिलं त्याला आधी ऐकवायचं, हा त्यांचा नियम. मी चिडले. अन्यायावर लिहायला परवानगी कसली? तरी गेले. काकूंनी धानाच्या बांधीत, चिखलात उभ्या उभ्या ऐकलं. "दुर्दैवी कोन वो? माही पोरगी नर्स हाय नागपूरले! अन् मूक मी? माह्या नवऱ्याले इचार!" बाकीच्या बाया हसून हसून शेताच्या धुऱ्यावर बसल्या. "दिवसभर वाकून कंबर मोडते, मुकडदम पानी प्याले सोडत नाही, ते तं तू लिवलंच नाही." घरी येऊन ती पानं फाडली. नव्या पानावर फक्त कंबर आणि पाणी होतं. त्यावर सही मिळाली. पुढे तेच पान पत्रक म्हणून छापलं, आणि त्याच बायांनी ते गावभर वाटलं. मी लिहायला शिकले ती तिथे.

कॉलेजातल्या शोकसभेत एक वक्ते म्हणाले, 'शांत, सोशिक व्यक्तिमत्त्व.' ज्या बाईला कॉलेजनं कंत्राटावर ठेवून दरवर्षी जूनमध्ये त्याच जागेसाठी नव्यानं अर्ज करायला लावला, ती सोशिक! मी उभी राहिले. "हे त्यांच्या घरी कोणाला वाचून दाखवलं का?" मला खाली बसवलं.

मग काल मॅडमवर लिहिलेला लेख घेऊन वैनगंगेपलीकडे कारध्याला त्यांच्या आईंकडे गेले. पहिलंच वाक्य होतं, 'मॅडम निर्भीड होत्या.' आईंनी थांबवलं.

"निर्भीड? वैनगंगेच्या पुलावर तिले चक्कर ये. खाली उतरून गाडी ढकलत ने, पान्याकडं न पाहता. रोजचंच होतं. तुमाले सांगितलं नाही का वो बाई?"

नाही. पाच वर्षं ओळखत होते मी त्यांना... आणि माझ्याही खिशात एक तयार शब्दच होता, त्या वक्त्यांसारखाच. तिथेच खोडला. त्या जागी लिहिलं, 'पुलाची भीती वाटायची, तरी त्या रोज पायी पूल ओलांडून आम्हाला शिकवायला येत.' आईंनी ते दोनदा वाचायला लावलं. मग मॅडमची पेन्सिल घेऊन समासात सावकाश सही केली.

खिडकीशी वह्यांचा गठ्ठा होता. वरच्या वहीत 'माझा आजा' हा निबंध होता आणि समासात त्या आज्याचा अंगठा.

"ठेव मंग तिकडं," आई सवयीनं म्हणाल्या, "तपासाच्या वह्यांवर."



मी ठेवला. सही केलेला तो कागद तिथेच आहे, तपासायचा राहिलेला.