झाकणाच्या आतले आण्णा

माणूस गेला की त्याचे किस्से तिथंच थांबायला पाहिजेत, नवीन येणार कुठून? आमच्या आण्णांचं उलटं झालंय. त्यांना जाऊन वर्ष होत आलं, तरी देवळालीला माहेरी गेले की कुणीतरी रस्त्यात थांबवतंच. "ताई, आण्णांचं एक सांगायचं राह्यलं." मी थांबते. पुण्याची बस चुकली तरी चालेल. तेवढा वेळ आण्णा असतात ना.

आण्णा म्हणजे देवळाली प्रवरातले मोटार रिपेअरवाले. पाण्याच्या मोटारी, पंखे, मिक्सर, शिलाई मशीन, काहीही आणा. शिवाय भजनात पेटी वाजवायचे, जत्रेतल्या नाटकाचा मेकअप करायचे, आणि माझे शाळेचे फ्रॉक त्यांनीच शिवलेत. आई म्हणायची, "ह्यांला सगळं येतं. फकस्त बोलायचं येत न्हाई."

*

तिशीत त्यांची उजव्या हाताची दोन बोटं गेली. गुऱ्हाळातला चरक दुरुस्त करत होते. लाईट गेलेली होती, म्हणून बटण बंद न करताच आत हात घातला. आणि लाईट आली.

सहा महिने हात गळ्यात. मग एक दिवस माझी पाटी घेऊन डाव्या हातानं मुळाक्षरं गिरवायला बसले. मी तेव्हा पहिलीत. आम्ही बापलेक एकदमच लिहायला शिकलो, आणि त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट होतं. सगळी ओळ डावीकडं कलंडलेली, वाऱ्यानं पडलेल्या उसासारखी. एकदा पाटी तशीच शाळेत गेली आणि बाईंनी आण्णांच्या ओळीखाली लिहिलं, "सुधारणा हवी." आण्णांनी ते पुसूच दिलं नाही, पाटी वर्कशॉपात टांगली. मला नवी घ्यावी लागली.

त्या दिवसापासून घरात एकच नियम होता, आधी बटण. आम्ही भावंडांनी तो पाळला, आईनं नाही. ती बोर्डावरचं बटण चालू ठेवून मिक्सरच्या भांड्यात खुशाल चमचा घालायची. आण्णा ओरडायचे नाहीत. उठायचे, बटण बंद करायचे, परत आपल्या जागेवर जाऊन बसायचे. तीस वर्षं हे रोज चाललं होतं.

*

पेटीही सोडली नाही त्यांनी. उरलेल्या बोटांनी वाजवायचे. एकदा नगरहून एक बुवा कीर्तनाला आले. कार्यक्रम झाल्यावर खूश होऊन म्हणाले, "पेटी गोड आहे हो तुमची. पण मधेच एखादा सूर गाळता, ती काय तुमच्या घराण्याची पद्धत?"

आण्णा म्हणाले, "न्हाई महाराज. तो सूर चरकात राह्यला."

बुवांना काही कळेना, आणि मंडळींना हसावं की काय करावं ते कळेना. आता मंडळात दुसरा पेटीवाला आलाय. पोरगा चांगला आहे, सगळे सूर लावतो. पण मी भजनाला बसले की त्या गाळलेल्या जागेची वाट बघत बसते, आणि ती येतच नाही.

*

माझ्या लग्नात आचाऱ्याचा टेम्पो राहुरीच्या अलीकडं बंद पडला. आत पाचशे माणसांचं जेवण. आण्णांनी फेटा काढून माझ्या भावाच्या, दत्ताच्या हातात दिला आणि कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून गेले. इकडं भटजी विचारतायत, "वधूपिता कुठायत?" दत्ता म्हणाला, "टेम्पोखाली."

ते परत आले तेव्हा अक्षता वाटून झाल्या होत्या. हात रॉकेलनं धुतले तरी काळेच. माझ्या डोक्यावर हात ठेवायला आले, मधेच थांबले, आणि मग राहवलं नाही म्हणून खांद्यावर ठेवला. नव्या शालूवर तीन काळी बोटं उमटली.

ड्रायक्लीनवाल्यानं हात टेकले. "ऑइल हाय ताई, न्हाई निघायचं." तेव्हा मी रडले होते. आता अधूनमधून कपाट उघडून डाग आहे ना, ते बघते.

*

दहाव्याला प्रवरेच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. चुलते म्हणाले, "पोरांकडं आमी बघू." कावळा फांदीवरच. शेजारचे रामभाऊ म्हणाले, "आण्णा, तुमची पेटी देवळात जपून ठिवू." कावळ्यानं मानसुद्धा वळवली नाही. ऊन तापायला लागलं.

शेवटी दत्ता पुढं झाला. हा शाळामास्तर, ह्याला स्क्रूड्रायव्हर कुठल्या बाजूनं धरायचा तेही माहीत नाही. म्हणाला, "आण्णा, तुमच्या हत्यारांना घरात कुणी हात लावणार नाही."

कावळा आला की खाली! दहाव्याला आलेली सगळी माणसं हसली, रडता रडता. घरी येऊन दत्तानं पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर सगळं ट्रंकेत भरलं आणि किल्ली खुंटीला अडकवली.

*

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. आण्णांची एक सवय होती. काहीही दुरुस्त केलं की झाकणाच्या आत लाल मार्करनं तारीख आणि बिघाड लिहून ठेवायचे, पुढच्या वेळी बघायला. पुढच्या वेळी उघडणारेही तेच, त्यामुळं आत आणखी काय लिहिलंय ते कुणाला ठाऊक नव्हतं. आता वस्तू दुसऱ्या मेकॅनिककडं जायला लागल्या आणि झाकणं उघडायला लागली.

पहिला फोन रामभाऊंचा. त्यांच्या मोटारीचा स्टार्टर जळाला होता. आत लिहिलेलं, "रामभाऊ, फ्यूजात जाड तार घालू नका. परत जळेल." रामभाऊ म्हणाले, "ताई, घातलीच हुती ओ मी. मानूस गेलं तरी बोलनी खातुय त्यांची." मग देवळाचा अँप्लिफायर उघडला. "आवाज अर्धा ठेवा. देव बहिरा नाही." माझ्या पहिलीच्या बाई आता ऐंशीच्या पुढं आहेत, त्यांच्या टेबलफॅनमध्ये निघालं, "याचं वय झालंय. मायेनं वापरा." खाली, "सुधारणा झाली का?" बाईंनी तो फॅन देव्हाऱ्याशेजारी ठेवलाय.

लोक मला फोटो पाठवायचे आणि मी आईला दाखवायची. ती मोबाईल लांब धरून बघायची. एकदा म्हणाली, "सगळ्या गावाला लिवलंय. ह्या सुमनला एक ओळ न्हाई."

मला माहीत होतं तिला काय डाचतंय. आण्णा गेले त्या दुपारी ती राहुरीला बाजाराला गेली होती. निघताना म्हणाली, "येते." आण्णांनी मोटारीतून डोकं वर न काढता म्हटलं, "हं." ती आली तेव्हा ते वर्कशॉपात भिंतीला टेकून बसलेले होते, झोप लागल्यासारखे. बेचाळीस वर्षांच्या संसाराचं शेवटचं बोलणं म्हणजे तो "हं". ते काही तिच्या मनातनं जाईना.

*

त्यानंतर आईचं एक नवीनच सुरू झालं. शेंगदाण्याचा कूट. दत्ताकडं कूट, चुलत्यांकडं कूट, मी आले की पुण्याला न्यायला चार डबे. म्हटलं, "आई, एवढा कुठं लागतो गं?" म्हणाली, "असू दे." मिक्सर तापून वास मारायचा तरी हिचं चालूच.

परवा न सांगता गेले. आई स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली. समोर मिक्सर पालथा घातलेला, हातात आण्णांचा स्क्रूड्रायव्हर, ताटलीत काढलेले तीन स्क्रू.

"आई, अगं दत्तानं शब्द दिलाय ना कावळ्याला?"

"त्यानं दिलाय. मी न्हाई दिला."

"पण चांगला चालतोय की तो."

"त्येच की. जायच्या महिनाभर आधी ह्यांनी दुरुस्त केल्ता. चार महिनं झाले दळतीय, मेला बंदच पडंना." आणि तिनं चौथा स्क्रू काढला.

तळाचं झाकण निघालं. आत लाल मार्कर, डावीकडं कलंडलेली ओळ. आईचा चष्मा बाहेर राहिला होता. "वाच," म्हणाली.

मी वाचलं. "सुमन, आधी बटण बंद कर."

मी वर बघितलं. वायर बोर्डात होती आणि बटणाचा लाल दिवा लागलेला होता.

आई गुडघ्यावर हात ठेवून उठली. बटण बंद केलं. परत येऊन मिक्सरसमोर मांडी घालून बसली आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

"केलं बंद," ती म्हणाली. "आता बोला."