काकूंचा ‘नो’चा तास

सोमवारी सकाळी डबा भरत होते, तेव्हा शेजारच्या काकांचा फोन आला. दोन घरांच्या मध्ये चिऱ्यांचा गडगा तेवढा, एरवी ते त्यावरूनच हाक मारतात, त्यामुळे स्क्रीनवर त्यांचं नाव बघूनच माझा हात थांबला. “अगो, सुमन उठत नाही,” एवढंच म्हणाले... मी पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. डॉक्टर आले, हृदयाचं काहीतरी बोलले आणि “थोडं आधी आणलं असतं तर...” म्हणून गप्प झाले. बिचाऱ्यांना वाटलं, वाक्य अर्धवट सोडलं म्हणजे आम्हाला कमी लागेल. मला ते पुरतं लागलं, कारण आदल्या संध्याकाळी मी काकूंजवळच बसलेली होते.

सुमनकाकू इथल्याच एका शाळेतून इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या आणि महिन्याभरात घरी बसून कंटाळल्या. मग कुठल्याशा ऑनलाइन शिकवणीतून त्यांना चीनमधले विद्यार्थी मिळाले, नोकरी करणारी, पंचविशी-तिशीची मुलं-मुली. आळीत थट्टा व्हायची, “काकू, आता ती पोरं ‘काय गो’ म्हणायला लागतील हां!” काकू म्हणायच्या, “लागूं देत, त्यांचंच भलं होईल.” जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, मागे कुकरच्या शिट्ट्या आणि समोर भाजी निवडत बसलेली मी, असा त्यांचा रविवारचा वर्ग भरायचा. मी कॅमेऱ्यात दिसत नसे, पण हसण्याचा आवाज तिकडे पोचायचा.

‘नो’ या एवढ्याशा शब्दावर त्यांनी अख्खा तास घेतला होता. निमित्त झालं मेई नावाच्या मुलीचं. ती कामासाठी इंग्लंडला गेली होती, एका घरी उतरली होती. घरच्या बाईंनी जेवायला विचारलं, हिनं रीत म्हणून ‘नो, थँक यू’ म्हटलं, आणि बाईंनी खरंच भांडी उचलली! पोरगी उपाशी झोपली. काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि मग शिकवायला बसल्या. मेई म्हणाली, आमच्या भाषेत ‘नो’ला नेमका एक शब्दच नाही, खात नाही, जात नाही, असं क्रियेला धरून सांगावं लागतं. काकू म्हणाल्या, आमच्याकडे नकाराची तीन भांडी आहेत, नाही, नको आणि नव्हे. इंग्रजांकडे एकच पातेलं, सगळं त्यातच शिजतं. तेव्हा इंग्रज माणूस ‘नो’ म्हणाला की तिथे थांबा, पुन्हा विचाराल तर त्याला राग येईल. “पण रत्नागिरीला आलात तर थांबू नका,” त्या म्हणाल्या, “इथला पहिला नको म्हणजे माणूस उंबऱ्यावर पाय पुसतो आहे. त्याला आत यायचंच असतं.” मेई म्हणाली, आमच्याकडेही अगदी असंच आहे.

मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ही तेवढी आमची इंग्रजीण.” खोटं नव्हतं ते. पुण्यात काही वर्षं नोकरी करून आल्यापासून मी आग्रह सोडला होता. एकदा विचारायचं, हवं असेल तर माणसानं सरळ हो म्हणावं, असं माझं तत्त्व. त्याचा मला गर्व होता, हेही सांगायला हवं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका माझ्याकडून कोरड्या तोंडानं परत जायच्या आणि मला वाटायचं, मी त्यांच्या मताचा मान ठेवला.

त्या शेवटच्या रविवारी वर्ग संपला. काका देवळात गेले होते. काकू लॅपटॉप मिटून खुर्चीतच बसून राहिल्या. कपाळावर घाम, हात छातीपाशी. मी म्हटलं, “काकू, बरं वाटत नाही का? रिक्षा बोलावते, डॉक्टरांकडे जाऊन येऊ.”

“नको गो. पित्त आहे. फणसाची भाजी जास्त झाली दुपारी. तुला उद्या ऑफिस आहे, कशाला उगाच...”

मी “बरं” म्हटलं. निवडलेली भाजी उचलली आणि निघाले. त्या दारापर्यंत आल्या, चौकटीला धरून नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या. मी ते बघितलं. काही हवं असेल तर सांगतील, असं मनात म्हटलं आणि गडगा ओलांडून घरी आले.

तेराव्यापर्यंत मी हे काकांना सांगू शकले नाही. माणसं भेटायला यायची, आयुष्याची दोरी तेवढीच, म्हणायची, आणि मी मान खाली घालून चहाचे कप विसळायची. एकदा काकांनीच विचारलं, “रविवारी तू होतीस ना गो? काही बोलली का ती?” मी म्हटलं, पित्त झालंय म्हणाल्या. पुढचं गिळलं.

मग काका म्हणाले, तिच्या त्या मुलांना कळवायला हवं, वाट बघत असतील. त्यानंतरच्या रविवारी मी काकूंचा लॅपटॉप उघडला. काका आत स्वयंपाकघरात होते. एकेक चेहरा उमटत गेला, आणि काकूंच्या जागी मला बघून सगळे स्क्रीनजवळ सरकले. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. मुली रडल्या. मेईनं विचारलं, डॉक्टरांकडे नेलं होतं का? खोटं बोलता आलं असतं. का कोण जाणे, त्या चेहऱ्यांसमोर जमलं नाही. मी म्हटलं, मी विचारलं होतं, त्या ‘नो’ म्हणाल्या.

काकूंनी शिकवलं होतं तसं सावकाश, एकेक शब्द नीट जोडत मेईनं विचारलं, “तुम्ही किती वेळा विचारलंत?”

तिच्या आवाजात ठपका नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“वन्स,” मी म्हटलं.

मला इतकी लाज वाटली की निरोपही धड न घेता मी लॅपटॉप मिटला. वळले तर स्वयंपाकघराच्या दारात काका उभे होते. जन्मभर कचेरीत इंग्रजीत टिपणं लिहिलेला माणूस... माझ्याकडे न बघता ते आत वळले. आतून ताटाचा आवाज आला, पाट सरकवल्याचा आवाज आला.

“ये, जेवून घे,” ते म्हणाले.

“नको काका.”

त्यांनी पान वाढायला घेतलं. वरणाचं पातेलं उतरवलं, लिंबाची फोड ठेवली.

“काका, खरंच नको. नको म्हटलं ना मी...”

“ऐकलं,” ते म्हणाले, आणि भात वाढला.