नारपोलीत घेतलेला रेनकोट

नव्या रेनकोटला रबराचा आणि बंद खोक्याचा असा एक मिश्र वास असतो. तो आला की मला गेल्या भाद्रपदातली नारपोलीची एक दुपार आठवते, आणि दुकानाच्या पायरीवर उभे राहून दोन बोटांत कापड चोळणारे माझे बाबा.

बाबांना भेकर पाहायचं होतं. आमच्या डोंगरातलं हे लहानसं तांबूस हरीण भुंकतं फार आणि दिसतं क्वचित. बाबांच्या लहानपणी आमच्या मूळ गावची, अंजूरची माणसं पारधीला जात. आजोबांच्या मागून चिखल तुडवत गेलेल्या बाबांनी ते एकदाच, ओल्या कारवीत उभं असलेलं, ओझरतं पाहिलं होतं. आजोबांनी बंदूक उचलायच्या आत ते नाहीसं झालं, आणि बरंच झालं, असं बाबा दर वेळी सांगत. पुढे पारध बंद झाली, बाबांनी नारपोलीत कापड विणायचे यंत्रमाग, म्हणजे लूम टाकले, शेतांवर गोदामं उभी राहिली, आणि खारबावच्या पलीकडचा तुंगारेश्वरचा डोंगर नुसता लांबून निळा दिसत राहिला. मग डोळ्यांत काचबिंदू निघाला. नजर कडांकडून आत आत मिटत जाईल आणि गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. त्यामुळे जायचं तर याच पावसात, हे न बोलता ठरलं.

दुर्बीण मी ठाण्याहून आणली. दुकानदार सगळ्यांत लांबचं दाखवणारी गळ्यात मारत होता; पण ती बाबांच्या थरथरत्या हातात धरली की समोरची इमारत नाचायला लागे. पावसाळी रानाच्या अंधारात लांबचं दिसण्यापेक्षा उजेड साठवणारी काच हवी, म्हणून मी बेताच्या ताकदीची, पण पुढे रुंद भिंगं असलेली आणि आत वाफ न धरणारी निवडली. बाबांनी ती लावून बराच वेळ एका कबुतराकडे पाहिलं आणि मान डोलावली.

रेनकोटच्या बाबतीत मात्र माझं ऐकायला ते तयार नव्हते. जन्म कापडात गेलेल्या माणसाला कापड कोण शिकवणार! दोन्ही बाजूंना खडखडणाऱ्या लूमच्या मधल्या त्या दुकानात त्यांनी कापड चोळलं, फुंकर मारून पाहिलं, वर पेलाभर पाणीही ओतलं. "पोरी, ह्यो कपरा पानी पिनार न्हाय," ते त्या खडखडाटावर ओरडून म्हणाले. ते खरंच होतं. आम्ही दोघांसाठी दोन घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुंगारेश्वरच्या रानात शिरलो तेव्हा कुजक्या पानांचा गोडसर दर्प दाटला होता, आणि साऱ्या हिरव्या रंगाला पाण्याखालच्यासारखी एक मंद झळाळी होती. मी पहिलं पाऊल टाकलं आणि रेनकोट कुरकुरला. दुसऱ्याला जास्तच. पापडाचं पाकीट कोणी सावकाश फोडावं तसे आम्ही दोघे चाललो होतो. कापड पारखताना बोटं वापरायची, कान नाही, हा आमच्या गावाचा रिवाजच. लूमच्या गदारोळात ती कुरकुर ऐकू येणार कुणाला? बाबांना तर ती रानातही येत नव्हती, कारण त्यांचे निम्मे कान लूमनेच नेले होते. वाट दाखवायला आलेल्या जानूने शेवटी हात जोडले. "काका, ह्यो कागद काढा, न्हाय त घरी चला."

आम्ही काढले. सत्तरी उलटलेले बाबा भिजू लागले, आणि मला त्यांचा राग आला, काळजी वाटली, तेवढ्यात जानूने बोट दाखवलं. ओढ्यापलीकडे, कारवीच्या बुंध्याशी, भेकर उभं होतं.

बाबांची दुर्बीण पानापानांवर भटकत होती. त्यांची नजर आता नळीएवढीच उरली होती. तिच्यात ते सापडेना. कुजबुजले असते तर त्यांना ऐकू गेलं नसतं, आणि ऐकू जाईल असं बोलले असते तर भेकर पळालं असतं. त्यांनी दुर्बीण खाली घेऊन असहायपणे माझ्याकडे पाहिलं. माझा हात आपोआप वर गेला. कारखान्यात शब्द चालत नाहीत, तिथे माणसं हातांनी बोलतात; डबा पोचवता पोचवता मीही ते शिकले होते. डावीकडचा, खालचा धागा तुटला हे जसं दोन बोटांनी सांगतात, तसं सांगितलं. बाबांचा चेहरा उजळला. दुर्बीण वर गेली, डावीकडे वळली, खाली आली, आणि थांबली. त्यांच्या भुवयांवरून पाणी ठिबकत होतं. मी तेच पाहत राहिले.

"पोरी, त्याच्या कपालाव काल्या रेघा हायत गो!"

आवाज थेट लूमवरचा. भेकर एकदा खणखणीत भुंकलं, शेपटीचं पांढरं चमकलं, आणि रान रिकामं झालं. जानूने डोकं धरलं. मला आधी हसू फुटलं आणि मागोमाग रडू.

त्या रेघा मी पाहिल्याच नव्हत्या. उतरणीवर बाबांचा हात धरून, डोळे शाबूत असलेली मी, पुन्हा पुन्हा ओरडून विचारत होते, कशा होत्या रे, नीट सांग ना.