उपाशीपोटी सुया

अ‍ॅक्युपंक्चरला पहिल्यांदा जाणाऱ्याने सुयांना भिऊ नये, बाहेरच्या बाकड्याला भ्यावं. शहरातल्या द्वारका चौकाजवळ एका जिन्यावर तो दवाखाना होता. तिथे चार वेळा सुया टोचून घेतलेला कुणीही बाकड्यावर तज्ज्ञ होऊन बसे. एक म्हणे, सकाळपासून पाणीसुद्धा पिऊ नका. दुसरा म्हणे, बीपीच्या गोळ्या आजच बंद करा, दोन औषधं आत भांडतात. आत डॉक्टरीणबाई नेमकं उलटं सांगत. थोडं खाऊन या, चालू गोळ्या सोडू नका, कोणत्या घेता ते मला सांगा, सुई नव्या पाकिटातली आहे ना बघून घ्या, आणि दोन खेपांत चमत्कार मागू नका. पण साधं सांगणाऱ्यावर आपल्याकडे विश्वास ठेवतो कोण?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शहराबाहेर आमचा शेवंतीचा मळा. सासूबाईंचा उजवा खांदा आखडला आणि हात वर जाईना, म्हणून त्यांचा अंबाडा रोज मी घालू लागले. माझ्या हातचा चहा नाक मुरडून पिणारी ही बाई आता सकाळी माझ्याकडे पाठ करून मुकाट बसे. ते त्यांना सहन होत नव्हतं आणि मलाही. आपला अंबाडा आपल्याला घालता यावा, एवढ्यासाठीच त्या सुयांना तयार झाल्या.

आणि गुण येत होता! हात आधी हनुवटीपर्यंत गेला, मग कानापर्यंत. सासूबाईंनी मात्र श्रेय भलतीकडेच देऊन ठेवलं होतं. सुयांच्या दिवशी निर्जळी उपास करीन, असं त्या देवीला मनातल्या मनात बोलल्या होत्या, आणि बोललेलं बाहेर फुटलं तर फळत नाही, असा त्यांचा कायदा. मी विचारलं की म्हणत, मळ्यात भाकरी खाल्ली. डॉक्टरीणबाई दर वेळी विचारत, "आजी, खाऊन आलात ना?"

"व्हय, पोटभर."

देवीसाठी उपास करायचा आणि त्यासाठी धडधडीत खोटं बोलायचं. वा रे भक्ती!

एके दिवशी सुया टोचल्या आणि सासूबाई घामाने डबडबल्या, डोळे फिरले. डॉक्टरीणबाईंनी भराभर सुया काढल्या, पायांखाली उशा सरकवल्या. त्या सावध झाल्यावर साखरपाणी दिलं. दोन घोट घशाखाली गेले आणि मग त्यांना उपास आठवला. बाहेर बाकडं एकमताने म्हणालं, अंगातलं वाईट निघतंय. मला एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

"माझा उपास मोडला," रिक्षात त्यांनी सगळं ओकलं. "आता काय गुण यायचा नाय."

"अहो आई, हात सुयांनी वर आला. उपासाने फक्त चक्कर आली."

"तुला लय कळतं."

घरी मी नवऱ्यापुढे डोकेफोड केली. आईपुढे त्याचा शब्द कधी फुटला होता? म्हणाला, "नको म्हणते तर राहू दे." त्या पुन्हा तो जिना चढल्या नाहीत. कानापर्यंत आलेला हात हळूहळू परत खाली गेला. मला त्यांची कीव आली नाही, संतापच आला. तो अजून आहे.

काही वर्षांनी शेजारची एक बाई गुडघे धरून आली. तिला सुया सुरू करायच्या होत्या, म्हणून माहिती विचारत होती. सासूबाई पाठ करून बसल्या होत्या, मी त्यांचे केस विंचरत होते.

"सुया चांगल्या हायेत," सासूबाई म्हणाल्या. "पण उपास कडक पाळ. माझा मोडला, म्हणून हा हात गेला."

मी म्हणाले, "वहिनी, काहीतरी खाऊन जा. आणि औषधं कोणती चालू आहेत ते तिथे सांगा."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सासूबाईंकडे आणखी सरकून तिने विचारलं, "मावशी, पाणीबी नाय चालत?"